अमेरिकेचा कप, ऑस्ट्रेलियाचा चमचा आणि आपला वजनकाटा

अमेरिकेत घरोघरी केला जाणारा एक जुना केक आहे, १-२-३-४ केक. एक कप बटर, दोन कप साखर, तीन कप मैदा, चार अंडी. शिवाय एक कप दूध, तीन छोटे चमचे बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ आणि थोडा व्हॅनिला इसेन्स. पाठ करायला याहून सोपी कृती सापडणार नाही. आज महाराष्ट्रातल्या एखाद्या शहरात हा केक घरी करायचा तर साधारण सव्वादोनशे ते अडीचशे रुपये लागतात. त्यातले निम्म्याहून अधिक, म्हणजे सव्वाशे ते एकशे पस्तीस रुपये, एकट्या बटरचे. मैद्याचे अठरा-वीस, साखरेचे जवळपास तेवढेच, अंड्यांचे तीसेक, दुधाचे पंधरा-सोळा, बेकिंग पावडर आणि इसेन्सचे मिळून दहा. १५०० वॉटचा ओटीजी तासभर लावला तरी थर्मोस्टॅटमुळे तो मधूनमधून बंद होत असतो, त्यामुळे वीज एका युनिटच्या आसपास जाते. तिचे आणखी आठ-दहा रुपये धरा. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक थोडे हलतील, पण बटर सगळ्यात महाग हे चित्र तसंच राहील.

हा केक बसला, कोरडा झाला किंवा मधे कच्चा राहिला, तर हे अडीचशे रुपये आणि दीड-दोन तासांची मेहनत वाया जाते. दोष ओव्हनला दिला जातो. पण परदेशी कृतींच्या बाबतीत चूक बहुतेकदा ओव्हन पेटवण्याच्या आधीच झालेली असते, कप हातात घेतला तेव्हाच. म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे: दुसऱ्या देशाची कृती करायची तर आधी तो देश ओळखा, मग सगळी कृती एकदा ग्रॅममध्ये लिहून काढा आणि पुढे कायम त्या कागदावरून करा. त्यासाठी काय घ्यावं लागतं, कितीला मिळतं आणि कशावर पैसे घालवू नयेत, ते पुढे सांगितलं आहे.

कप नक्की केवढा

अमेरिकन कप २३६.६ मिलिलिटरचा. तिथल्या अन्नपदार्थांच्या वेष्टनांवर तो सोयीसाठी २४० मिली धरतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा इथे कप २५० मिलीचा. जपानी कृतीतला कप २०० मिलीचा, आणि भाताच्या कुकरसोबत येणारा जपानी कप वेगळाच, १८० मिलीचा. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत कप म्हणजे अर्धा पाइंट, साधारण २८४ मिली. पाइंटमध्येही घोळ आहे: ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीचा, अमेरिकन ४७३ मिलीचा. कस्टर्डला एक पाइंट दूध सांगितलं असेल आणि देश चुकला, तर जवळपास ९५ मिलीचा फरक पडतो आणि कस्टर्ड सेट होत नाही. स्वीडन आणि डेन्मार्कच्या कृती डेसिलिटरमध्ये असतात. एक डेसिलिटर म्हणजे १०० मिली. त्यात मैदा साधारण ६० ग्रॅम बसतो, साखर ८५ ते ९०.

बाजारात मिळणाऱ्या कपांच्या संचातही कुठे २४० तर कुठे २५० लिहिलेलं असतं आणि लोक योग्य संच शोधत फिरतात. या दहा मिलीसाठी पैसे खर्च करू नका. फरक चार टक्क्यांचा आहे, केकला तो जाणवतही नाही. खरा फरक कप भरण्याच्या पद्धतीत आहे. चमच्याने मैदा मोकळा करून अलगद कपात सोडला आणि वरून सुरीने सपाट केला, तर अमेरिकन कपात सुमारे १२० ग्रॅम मैदा बसतो. तोच कप डब्यात खुपसून उपसला तर १४० ते १५० ग्रॅम भरतो. तीन कपांच्या केकमध्ये ३६० ग्रॅमच्या जागी ४५० ग्रॅम मैदा पडला, म्हणजे पाव हिस्सा जास्त. केक कोरडा आणि जड का झाला याचं उत्तर इथेच मिळतं. अमेरिकेत सपाट भरलेल्या कपाची शिस्त रूढ करण्यात फॅनी फार्मर यांच्या १८९६ सालच्या बॉस्टन कुकिंग स्कूलच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. पण सपाट भरला तरी आत पीठ किती दाबलं गेलंय, हे वरून दिसत नाही.

घरचा चहाचा कप वापरून चालतं का, हा प्रश्न नेहमी येतो. सगळंच एका कपाने मोजलं की प्रमाण तेच राहतं, असा त्यामागचा विचार. वाटीने मोजून केलेल्या शिऱ्याला तो बरोबर आहे. केकला तो लागू पडत नाही, कारण केकमध्ये अंडी कपाने येत नाहीत आणि बेकिंग पावडर चमच्याने येते. चहाचा कप १५० मिलीचा असेल तर मैदा, साखर, बटर आणि दूध मूळच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतात, पण अंडी चारच्या चार आणि बेकिंग पावडर तीन चमचे पुरी. असा केक आधी भरभरून फुगतो, मग खाली बसतो आणि त्याला अंड्याचा वास राहतो.

तुमच्याकडे असलेला कप केवढा आहे हे तपासायला काही खर्च नाही. वजनकाट्यावर रिकामा कप ठेवा, काटा शून्यावर आणा, कप काठोकाठ पाण्याने भरा. पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे कपाचं माप. आकडा कपाच्या तळाला चिकटवून टाका.

ग्रॅममध्ये लिहून काढताना

एक अमेरिकन कप मैदा १२० ग्रॅम धरा. काही अमेरिकन लेखक १२५ किंवा १४० धरतात, म्हणून कृतीच्या पुस्तकात सुरुवातीला दिलेलं मापांचं पान आधी वाचा. लेखकाने आपला कप किती ग्रॅमचा ते लिहिलं असेल तर तोच आकडा घ्या. दाणेदार साखर २०० ग्रॅम. दाबून भरलेली ब्राउन शुगर २१५ ते २२०. आयसिंग शुगर ११५ ते १२०. बटर २२७. कोको पावडर सुमारे ८५. मध ३४०. दूध २४०, म्हणजे मिलीचा आकडाच ग्रॅमचा धरला तरी चालतं. तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे २०० ते २१५ ग्रॅमच्या दरम्यान.

या आकड्यांत आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवते ती साखर. आपल्या किराणा दुकानातल्या साखरेचा दाणा मोठा असतो, बटरमध्ये फेटताना तो विरघळत नाही, म्हणून ती मिक्सरमधून काढायची पद्धत पडली आहे. पद्धत चांगली आहे. फक्त दळण्याआधी वजन करा. दोन कप साखर म्हणजे ४०० ग्रॅम. आधी दळून पिठीसाखर दोन कप मोजली तर हातात येते जेमतेम २४० ग्रॅम. केक फिका होतो, शिवाय साखर केकमधला ओलावा धरून ठेवते, ती कमी पडल्याने तो दुसऱ्या दिवशी लाकडासारखा लागतो. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन कृतीतली कॅस्टर शुगर म्हणजे बारीक दाण्याची साखर, पीठ नव्हे. आपली साखर मिक्सरमध्ये थोडीशीच फिरवून रवाळ ठेवली की तिची जागा भरून निघते. कॅस्टर शुगर नावाचं वेगळं पाकीट घेण्यात दुपटीहून जास्त दर मोजावा लागतो आणि फायदा फारसा नाही.

औंस दोन प्रकारचे असतात, हेही इथेच सांगायला हवं. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा. द्रवाचा अमेरिकन औंस २९.५७ मिलीचा. आठ औंस चॉकलेट म्हणजे वजन, २२७ ग्रॅम. आठ औंस दूध म्हणजे एक कप. कृतीत फ्लुइड हा शब्द नसला तरी पातळ पदार्थाचा औंस मिलीतला आणि कोरड्याचा ग्रॅममधला, असं समजून चालायला हरकत नाही.

चमचे

छोटा चमचा जवळपास सगळीकडे ५ मिलीचा आहे. घोळ मोठ्या चमच्याचा. अमेरिका, ब्रिटन, न्यूझीलंड, युरोप आणि जपान इथे तो १५ मिलीचा, म्हणजे तीन छोटे चमचे. ऑस्ट्रेलियात तो २० मिलीचा, म्हणजे चार. न्यू जर्सीतली मामी आणि मेलबर्नमधली मावशी एकाच कृतीतून एक मोठा चमचा बेकिंग पावडर घेतात आणि मावशीच्या केकमध्ये ती एक तृतीयांश जास्त पडते. म्हणून ऑस्ट्रेलियन कृतीतला मोठा चमचा आपल्याकडे चार छोट्या चमच्यांनी मोजा आणि मेलबर्नच्या मावशीला अमेरिकन कृती पाठवताना तीन छोटे चमचे असंच लिहा. जुन्या ब्रिटिश कृतीत डेझर्टस्पून दिसला तर तो १० मिलीचा.

घरातला पोहे खायचा चमचा माप म्हणून वापरू नका. घराघरांत तो वेगळा असतो. मापाचे चमचे आणायचे नसतील तर औषधाच्या बाटलीसोबत येणारी छोटी मापाची टोपी स्वच्छ धुऊन ठेवा. तिच्यावर ५, १० आणि १५ मिलीच्या खुणा असतात आणि ती फुकट मिळालेली असते. बेकिंग पावडरचा सपाट छोटा चमचा सुमारे ४ ग्रॅमचा, खायच्या सोड्याचा ५ ते ६, आपल्या बारीक मिठाचा ६, इन्स्टंट यीस्टचा ३. अमेरिकन कृतींत कोशर सॉल्ट असतं. त्याचे दाणे जाड आणि पोकळ असल्याने चमचाभर मीठ हलकं भरतं, काही ब्रँडचं तर निम्म्या वजनाचं. तिथे आपलं बारीक मीठ अर्ध्या चमच्यापासून सुरू करा.

पाकीट, स्टिक, डबा

काही मापं दुकानातल्या वस्तूंवरून पडलेली असतात आणि त्या देशाबाहेर ती कळत नाहीत. अमेरिकेत बटर कागदात गुंडाळलेल्या कांड्यांत येतं. एक स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम, अर्धा कप, आठ मोठे चमचे. आपल्या १०० ग्रॅमच्या बटरच्या वडीला एक स्टिक समजलं तर दोन स्टिकच्या केकमध्ये २६ ग्रॅम बटर कमी पडतं.

अमेरिकन यीस्टचं पाकीट ७ ग्रॅमचं, सव्वादोन छोटे चमचे. जर्मनीत ताज्या यीस्टचा ठोकळा ४२ ग्रॅमचा येतो. त्याच्या जागी इन्स्टंट यीस्ट १४ ग्रॅम, म्हणजे एक तृतीयांश, घ्यायचं. जर्मन कृतीत बेकिंग पावडरचं एक पाकीट म्हटलं की १५-१६ ग्रॅम, आणि व्हॅनिला साखरेचं पाकीट ८ ग्रॅम. फ्रेंच बेकिंग पावडरचं पाकीट मात्र ११ ग्रॅमचं. जर्मन पाकीट फ्रेंच कृतीत वापरलं तर केकला सोड्याचा तुरट कडवटपणा येतो. फ्रान्समध्ये घरोघरी मुलांना शिकवला जाणारा दह्याचा केक तर दह्याच्या रिकाम्या कुंडीनेच मोजतात. ती साधारण १२५ ग्रॅमची असते. कंडेन्स्ड मिल्कचा डबा अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ३९७ ग्रॅमचा. आपल्याकडच्या डब्यांची वजनं मधूनमधून बदलतात, तेव्हा डब्यावरचा आकडा वाचा, कमी असेल तर उरलेले ग्रॅम दुसऱ्या डब्यातून घ्या.

अंडी

अमेरिकन लार्ज अंडं कवचासह सरासरी ५७ ग्रॅमचं आणि फोडल्यावर सुमारे ५० ग्रॅमचं. युरोपात आणि ब्रिटनमध्ये लार्ज म्हणजे ६३ ते ७३ ग्रॅम कवचासह, मीडियम ५३ ते ६३. ऑस्ट्रेलियातलं लार्ज त्याहून लहान. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातली अंडी आकाराने निवडलेली नसतात, त्यातली बरीचशी ५० ग्रॅमच्या आसपास भरतात आणि फोडल्यावर ४४-४५ ग्रॅम उरतात. चार अंड्यांच्या अमेरिकन केकला २०० ग्रॅम लागतं आणि आपली चार अंडी १८० च्या आत राहतात. तेव्हा पाचवं अंडं फोडून फेटा आणि काट्यावर २०० ग्रॅम होईपर्यंत घाला. उरलेल्याचं सकाळी ऑम्लेट होईल. सात रुपयांच्या अंड्याने सव्वाशे रुपयांचं बटर वाचतं.

ज्यांना रूपांतराच्या भानगडीतच पडायचं नाही, त्यांच्यासाठी ब्रिटिश व्हिक्टोरिया स्पंज आहे. अंडी कवचासकट तोला. जेवढं वजन येईल तेवढंच बटर, तेवढीच साखर, तेवढाच सेल्फ-रेझिंग मैदा. फ्रेंचांचा चार समान भागांचा केकही असाच. अंडं लहान असो वा मोठं, केक जमतो. बेकिंगची सुरुवात करणाऱ्यांनी या केकपासून करावी, असं मला मनापासून वाटतं.

सेल्फ-रेझिंग मैदा आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मागवायची गरजही नाही. दर १०० ग्रॅम मैद्यात ५ ग्रॅम बेकिंग पावडर, म्हणजे सपाट सव्वा छोटा चमचा, घालून दोनदा चाळा. अमेरिकन सेल्फ-रायझिंग मैद्यात मीठही असतं, ब्रिटिशमध्ये नसतं, एवढं लक्षात ठेवा. ब्रिटिशांचा प्लेन फ्लोअर आणि अमेरिकनांचा ऑल-पर्पज, दोन्हींच्या जागी केकला आपला मैदा चालतो. अमेरिकन केक फ्लोअर मऊ आणि कमी प्रथिनांचा असतो. त्यासाठी १२० ग्रॅम मैद्यातले १५ ग्रॅम काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घाला. स्ट्राँग फ्लोअर म्हणजे ब्रेडचं जास्त प्रथिनांचं पीठ, तिथे साधा मैदा पूर्ण काम देत नाही. जर्मन टाइप ४०५ आणि ५५०, फ्रेंच टी ४५ आणि टी ५५ हे आकडे पिठातल्या राखेवरून पडले आहेत, पीठ किती पांढरं ते त्यावरून कळतं. चाळिशीतला आकडा केक-पेस्ट्रीचा, ५५ किंवा ५५० जरा सर्वसाधारण वापराचा.

बटर आणि क्रीम यांच्यात वजनाइतकंच आत काय आहे तेही पाहावं लागतं. आपल्याकडचं टेबल बटर खारट असतं. त्यात दोन-अडीच टक्के मीठ धरलं तर १-२-३-४ केकच्या २२६ ग्रॅम बटरमधूनच पाच-सहा ग्रॅम मीठ जातं, जवळपास एक छोटा चमचा. कृतीत तर अर्धाच सांगितला आहे. अनसॉल्टेड बटर मिळत असेल तर तेच घ्या, दरात फार फरक नसतो. नसेल तर वरचं मीठ पूर्ण गाळा. घरचं लोणी चवीला उत्तम, पण त्यात पाण्याचा अंश जास्त आणि दर वेळी वेगळा असतो, त्यामुळे परदेशी केकला ते भरवशाचं नाही. अमेरिकन हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो, ब्रिटिश डबल क्रीममध्ये ४८ टक्के. आपली टेट्रापॅकमधली साधी फ्रेश क्रीम २५ टक्क्यांच्या आसपास असते आणि कितीही फेटली तरी घट्ट होत नाही. सत्तर-ऐंशी रुपयांचा डबा फेटत बसण्याआधी वेष्टनावरचा स्निग्धांशाचा आकडा पाहा.

आणखी एक रूपांतर कोणत्याही तक्त्यात नसतं. परदेशी कृतीत बटर रूम टेंपरेचरला आणा असं लिहिलेलं असतं. त्या लेखकाची खोली १८ ते २१ अंशांची असते. मे महिन्यात नागपुरात किंवा मुंबईत बटर ओट्यावर तासभर ठेवलं तर ते वितळून तेल सुटतं, त्यात हवा धरली जात नाही आणि केक घट्ट होतो. उन्हाळ्यात बटरचे तुकडे करून फ्रिजबाहेर दहा-पंधरा मिनिटंच ठेवा. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात मैदा हवेतली ओल धरतो. दूध घालताना शेवटचे दोन-तीन चमचे मागे ठेवा, मिश्रण घट्ट वाटलं तरच घाला.

आच आणि टिन

फॅरनहाइटमधून ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. रोजच्या वापरात एवढं पुरे: ३२५ म्हणजे १६५ अंश सेल्सिअस, ३५० म्हणजे १८०, ३७५ म्हणजे १९०, ४०० म्हणजे २००, ४२५ म्हणजे २२०. ब्रिटिश गॅस मार्क ४ म्हणजे १८०, गॅस मार्क ६ म्हणजे २००. फ्रेंच पुस्तकातला थर्मोस्टॅटचा आकडा ३० ने गुणायचा. ६ म्हणजे १८०. आत पंखा चालू असेल तर यातून २० अंश कमी करा. मात्र बऱ्याच घरगुती ओटीजींची खुंटी १८० वर असताना आत दहा-वीस अंश कमी-जास्त असतात. तीनशे ते सातशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर जाळीवर टांगून ठेवला की खरा आकडा कळतो. कुकरमध्ये किंवा कढईत केक करणाऱ्यांना या आकड्यांचा उपयोग नाही. त्यांनी मंद आच आणि टूथपिकवरच विश्वास ठेवावा.

टिनचा हिशेब क्षेत्रफळाने होतो. आठ इंची गोल टिन २० सेंटिमीटरचा, नऊ इंची २३ चा. एका इंचाचा फरक दिसायला किरकोळ, पण नऊ इंचीचा तळ सव्वापट मोठा असतो. नऊ इंचीचं मिश्रण आठ इंचीत ओतलं तर ते उंच होतं, आत शिजायला वेळ लागतो आणि कडा करपतात. अमेरिकन कृतीत वारंवार येणारा ९ बाय १३ इंचाचा टिन लहान ओटीजीत बसतच नाही. त्यासाठी मोठा ओव्हन घेऊ नका, मिश्रण दोन आठ इंची टिनांत वाटा. टिन दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही.

ग्रॅमचा खरा फायदा इथे कळतो, कारण कृती अर्धी करता येते. १-२-३-४ केकचं अर्धं म्हणजे बटर ११३, साखर २००, मैदा १८०, अंडी १००, दूध १२० ग्रॅम आणि बेकिंग पावडर ६ ग्रॅम. आठ इंची एका टिनात हे छान बसतं आणि खर्च येतो एकशे वीस रुपयांच्या आसपास. नवी कृती पहिल्यांदा नेहमी अर्धीच करा.

काय घ्यावं, काय नको

पहिली खरेदी वजनकाट्याची. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोपर्यंत तोलणारा डिजिटल काटा तीनशे ते आठशे रुपयांत मिळतो, म्हणजे एक-दोन बिघडलेल्या केकच्या किमतीत किंवा थोडा जास्त. घेताना तीन गोष्टी पाहा: भांडं ठेवून शून्यावर आणायचं बटण, मोठं भांडं ठेवल्यावरही दिसणारा आकडा, आणि पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर उत्तम, कारण ते सेल कुठेही मिळतात. नवा काटा आणल्यावर दहा रुपयांची दहा नाणी त्यावर ठेवा. दहाच्या नाण्याचं वजन ७.७ ग्रॅमच्या आसपास असतं, तेव्हा ७७ च्या जवळपास आकडा यायला हवा. चार-पाच ग्रॅमचा फरक दिसला तर काटा परत करा.

दुसरी खरेदी मापाच्या चमच्यांची, कारण दोन-चार ग्रॅम बेकिंग पावडर तोलायला साधा काटा कमी पडतो. प्लॅस्टिकचा कप-चमच्यांचा संच शंभर-दोनशे रुपयांना येतो. स्टीलच्या संचाला तीनशे ते सातशे पडतात. वापर रोजचा असेल तरच तो घ्या. तिसरा थर्मामीटर, तोही ओटीजी असेल तर. एवढं मिळून सातशे ते सतराशे रुपये होतात. अमेरिकेचे आणि ऑस्ट्रेलियाचे कप वेगवेगळे घेणं, आयात केलेली ब्राउन शुगर, केक फ्लोअरचं पाकीट यांत पैसे घालू नका. ब्राउन शुगरच्या जागी तेवढ्याच वजनाची गुळाची पावडर बहुतेक कुकीजमध्ये चालते, फक्त रंग गडद येतो.

घरून केक विकणाऱ्या महिलांना तर ग्रॅममध्ये लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. आपण मैदा, साखर, बटर विकत घेतो किलोने, आणि वापरतो कपाने. मग एका केकला बटर किती रुपयांचं गेलं हे कधीच नेमकं कळत नाही आणि भाव शेजारच्या बेकरीकडे बघून ठरतो. कृतीच्या कागदावर प्रत्येक ओळीसमोर ग्रॅम आणि त्यापुढे रुपये लिहा. वीज, बटर पेपर, खोका आणि आपला वेळ त्यात मिळवा. बटर महागलं की त्या ओळीतला एक आकडा बदलला की पुरतं.

हेच काम उलट दिशेनेही करावं लागतं. अमेरिकेतल्या लेकीला नानकटाईची कृती हवी असते, आणि घरातली वाटी तिच्याकडे नसते. तिला वाटी-चमच्यांत सांगू नका. एकदा नेहमीच्या वाटीने करा, प्रत्येक जिन्नस भांड्यात टाकताना काट्यावरचा आकडा लिहा, आच सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्हींत, टिन सेंटिमीटरमध्ये, आणि साखर दळण्याआधी तोलली की नंतर तेही लिहा. तूप तर वजनानेच सांगा. थिजलेलं रवाळ तूप वाटीत भरताना मधे पोकळी राहते, पातळ तूप काठोकाठ भरतं, आणि तिच्या थंड घरात ते बहुधा थिजलेलंच असेल.